चौऱ्याऐंशी कप

पेंडीच्या बिलाच्या पाठीमागे डेलिथने यादी केली,
पेन्सिलीने; आमच्या घरातल्या पेनांवर कुणाचा भरवसा नाही.
जूनचा तिसरा शनिवार. गवताचं कोठार, तोच मांडव.
मेंढ्या वरच्या कुरणात हाकणे : ग्विलिम.
एल्डरची फुलं ऊन चढायच्या आत खुडणे : मी.
आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित :
कप, चौऱ्याऐंशी. एकसारखे नकोत.

एकसारखे नकोत, हे लिहायची गरजच नव्हती.
या वेल्श खोऱ्यात एकसारखे चार कप
कुणाच्याच फळीवर उरलेले नाहीत.

कार्डिफमध्ये जुनेपणा नवा करून विकतात म्हणे :
मुद्दाम खरवडलेल्या खुर्च्या, चहात बुडवून पिवळी केलेली लेस.
आमच्याकडचं जुनं म्हणजे
फेकायचं राहून गेलेलं.
आई म्हणाली, याला आम्ही काटकसर म्हणायचो,
आणि लपवायचो.

मार्चभर दारोदार हिंडले, जोगवा मागितल्यासारखी.
टोपलीत रद्दी, खिशात लाल नेलपॉलिश,
प्रत्येक कपाच्या बुडाला मालकिणीचं आद्याक्षर.
मारेडकाकूंनी बारा दिले, वर दीड तासाची हकीकत :
चॅपेलच्या शंभरीत तेराव्याचा कान कुणी उडवला.
(ती बाई हयात आहे. लग्नाला येते आहे.
यादीत वाढवलं : दोघींत तीन टेबलांचं अंतर.)
पोस्टातल्या ग्लेनिसचे तीन.
छोट्या मॅडॉकचा एक, सशाचा,
फक्त एका दिवसासाठी, असं माझ्याकडून लिहून घेऊन.

रात्री ग्विलिम पताका शिवायचा,
वडिलांच्या जुन्या सदऱ्यांच्या.
मेंढ्या कातरणारा हात, सुईशी अवघडलेला.
एका त्रिकोणावर खिसा तसाच राहिला,
खिशात पेपरमिंटचा कागद.
कुणी काढला नाही.

मावशीचा एकसष्ट सालचा झगा कमरेत बसला,
फक्त टाचणीचा गंज, डाव्या बाजूला, नखाएवढा.
आईने लिंबू लावलं, मीठ लावलं, शिव्या दिल्या.
डेलिथ म्हणाली, राहू दे, तिथे मी फुलं धरीन.
आणि जेवताना?
जेवतानाही धरीन.

मे संपत आला तेव्हा एक्याऐंशी झाले.
टेकडीवरचा इद्वल तेवढा राहिला होता.
मॉर्विद गेली त्याला दोन हिवाळे झाले,
त्याच्याकडे मागायचं कसं, म्हणून मागितलंच नव्हतं.
दारात उभी राहिले, हवेबद्दल बोलले.
त्यानेच फळी उघडली. दोन कप, निळ्या काठाचे.
एक हुकावरचा, आतून चहाने काळवंडलेला,
एक मागे, धूळ धरलेला.

मला वाटलं, धुळीतला देईल.
त्याने तो उचलला, धुतला,
सदऱ्याच्या टोकाने पुसला,
उजेडात धरून पाहिला
आणि पुन्हा जागेवर ठेवला.
मग हुकावरचा माझ्या हातात दिला.
म्हणाला, त्या दिवशी मी तिथेच असणार, नाही का?
मी बाटली काढली. तो म्हणाला, नाव कशाला,
ओळखतो तो मला.

घरी येऊन मोजले. ब्याऐंशी.
पुन्हा मोजले, ब्याऐंशीच.
डेलिथने चौऱ्याऐंशीवर काट मारली :
आम्ही दोघं जॅमच्या बरणीतून पिऊ.
एकाच? ग्विलिमने विचारलं.
दोन, ती म्हणाली. लग्न झालं म्हणून काय झालं.

मग सगळं जमलं असं वाटून
तिने यादीची घडी घातली, उलटी,
आणि तेव्हा कुठे आम्हाला आठवलं,
पेंडीचे पैसे द्यायचे राहिलेत.